भूगोलाच्या जर्नलात एक्सेल: एका कॉलेजच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक. दरवर्षी ॲडमिशन संपत आली की निघणारा विषय: पोरांना कॉम्प्युटर येत नाही, काहीतरी करा. ठराव आधीच तयार होता. प्रथम वर्षाच्या सगळ्यांना तीस तासांचा सर्टिफिकेट कोर्स, शिकवणार आमचा कॉम्प्युटर विभाग. मी नको म्हटलं. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांनी एमएस-सीआयटी आधीच केलेलं असतं. तीच मुलं पुढं भूगोलाच्या जर्नलात पर्जन्यमानाचा आलेख स्केचपेननं रंगवतात, आणि कॉमर्सची मुलं एक्सेल उघडून त्यातली बेरीज मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करतात. आणखी एक सर्टिफिकेट दिलं तर नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीची) फाईल जाड होईल, बाकी काही नाही.

माझं म्हणणं असं की हे काम कॉम्प्युटरच्या तासाला होणारच नाही. भूगोलाच्या तासाला, भूगोलाच्या सरांनी, भूगोलाच्या मार्कांसाठी करून घेतलं तर होईल. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आपल्याला बदलता येत नाही, पण अंतर्गत मूल्यमापन आपल्या हातात आहे. त्यातल्या एका असाइनमेंटला हात घालायचा. तास नवा नाही, पेपर नवा नाही.

कॉमर्सच्या मॅडमनी सरळच विचारलं, "म्हणजे काम आमचं आणि प्रकल्प तुमचा?" मी म्हटलं, हो, पण प्रॅक्टिकलला मी शेजारी उभी असेन. हसल्या, पण तयार झाल्या. भूगोल, कॉमर्स, मराठी, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास, द्वितीय वर्ष. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, आमचा पोर्शनच संपत नाही. ते खरंही आहे.

१० जुलै

चाचणी घ्यायची नाही असं ठरवलं होतं. त्याऐवजी मुलांना एक काम दिलं: चार ओळींची फाईल तयार करा, सेव्ह करा, बंद करा, शेजारच्या मशीनवर जाऊन उघडून दाखवा.

टायपिंग बऱ्यापैकी. अडलं ते सेव्ह केल्यावर. "कुठं सेव्ह केलीस?" "वर्डमध्ये." "वर्डमध्ये कुठं?" ह्याच्यावर गप्प. फोनवर फाईल शोधावी लागत नाही, ज्या ॲपमध्ये बनवली तिथंच ती दिसते. त्यामुळं फोल्डर, फोल्डरातलं फोल्डर, पेनड्राईव्हवरची कॉपी आणि मशीनवरची मूळ फाईल हा सगळा पसारा ह्यांनी पाहिलेलाच नाही. एकानं फाईल स्वतःलाच व्हॉट्सॲप केली आणि शेजारी जाऊन फोनमध्ये उघडून दाखवली. काम झालं की! त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना.

हीच पोरं यूपीआय, परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपचं पोर्टल, आधार लिंक सगळं बोटांवर नाचवतात. ढ कोणी नाही. त्यांचा रस्ता आमच्यापेक्षा उलटा आहे, आधी फोन आणि मग कॉम्प्युटर.

१५ जुलै

स्टाफरूममध्ये एका जुन्या अहवालावर बोललो. १९९९ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं काढलेला, तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं मागवलेला. समितीचे अध्यक्ष लॉरेन्स स्नायडर, वॉशिंग्टन विद्यापीठातले. कॉम्प्युटर साक्षरता पुरेशी नाही, तिच्या पुढं जायला हवं, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. त्यासाठी तीन पाय सांगितले: आज लागणारी कौशल्यं, त्यामागच्या मूळ संकल्पना, आणि विचार करण्याची ताकद. प्रत्येकी दहा गोष्टी.

कौशल्यांची यादी वाचून सगळे हसले. फोनचं नावही नाही, कसं असणार. पण विचारशक्तीची यादी अजून ताजी आहे: उत्तर तपासून बघणं, बिघडलेल्यातून वाट काढणं, माहितीची पारख करणं, अनपेक्षित घडणार हे धरून चालणं, समोरच्याला कळेल असं मांडणं. भूगोलाचे सर म्हणाले, "ह्यात कॉम्प्युटरचं काय आहे? हे तर आम्ही शिकवतो." मला तेच हवं होतं. अहवालातही प्रकल्प करता करता हे शिकावं असंच म्हटलंय. आमच्याकडची सगळी भांडणं पहिल्या यादीवर होतात. वर्ड शिकवायचं की गूगल डॉक्स, एक्सेलची कुठली आवृत्ती, वगैरे.

२४ जुलै

आज भूगोलाचं प्रॅक्टिकल. सगळं सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

विषय पंचगंगा. पावसाळ्यात जिल्हा आपत्ती कक्षाचं पत्रक रोज येतं: राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, धरणांचा विसर्ग, पाण्याखाली गेलेले बंधारे. कोल्हापुरात इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे पाचवीतलं पोरगंही सांगतं. सरांनी मागच्या एका पुरातली पत्रकं वाटली आणि पातळीचा आलेख मागितला, त्यावर इशारा आणि धोका अशा दोन रेघा.

पत्रकात पातळी फूट आणि इंचात असते. मुलांनी ती टाकली पॉईंट देऊन. ३९ फूट ८ इंच म्हणजे ३९.८, ३९ फूट १० इंच म्हणजे ३९.१०. एक्सेलनं शेवटचं शून्य गिळलं आणि ३९.१ करून टाकलं. पुढं ४० फूट १ इंच, म्हणजे ४०.१. आलेख आला छान, निळी रेघ, खाली तारखा. फक्त मधेच पाणी अर्ध्या फुटाहून जास्त उतरलं आणि लगेच फूटभर चढलं.

वर्गात कुणाच्याच लक्षात आलं नाही. आलेख आहे, रंगीत आहे, झालं काम. तेवढ्यात मागच्या बाकावरची, नदीकाठच्या प्रयाग चिखलीची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे न्हाई पटत. पाणी चढत असताना मधीच असं उतरत न्हाई. आमी रात्रभर पायरीवर खूण करून बघत बसलोय." तिला एक्सेल फारसं येत नव्हतं. नदी येत होती.

मग शोध सुरू. आधी सगळ्यांनी पत्रकावर संशय घेतला, मग टायपिंगवर. पंधराएक मिनिटांनी एकाला दिसलं की १० इंच लिहिलेल्या ठिकाणी १ झालाय. "मग शून्य दाखवायला लावू की," असं म्हणून त्यानं दशांशाची दोन स्थळं करून घेतली. ३९.१० दिसायला लागलं. पण ३९.८ चं झालं ३९.८०, आणि आलेख जागचा हलला नाही. इथं सर फळ्याकडं गेले. फुटात इंच १२, पॉईंटच्या पुढं मात्र दहाचा हिशोब. १० इंच म्हणजे फुटाचे ०.८३. एक्सेलला इंच माहीतच नाही, त्याला फक्त आकडा दिसतो. फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्यात, तिसऱ्यात सूत्र: फूट अधिक इंच भागिले १२. तिसऱ्या रकान्यावरून आलेख काढला आणि रेघ सरळ चढत गेली.

मी तीस तासांच्या कोर्समध्ये "डेटा टाईप आणि फॉरमॅट" म्हणून हेच शिकवलं असतं आणि कुणाला आठवलंही नसतं. आज वर्गातून बाहेर पडताना दोघं भांडत होते की पत्रकवाल्यांनीच सगळं इंचात द्यायला काय हरकत आहे. मुद्दा योग्य आहे.

सरांनी जर्नलची अट बदलली. आलेखासोबत मूळ रकाने आणि सूत्र छापायचं, आणि खाली दोन ओळी: हा आलेख बरोबर आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? पाच मार्क त्या दोन ओळींना. मला ही अट सगळ्यात मोलाची वाटते.

५ ऑगस्ट

नांदणीच्या जैन मठाची हत्तीण गुजरातला वनतारात हलवल्यावरून जिल्हा तापलाय. फोन उघडला की तेच. इतिहासाच्या तासाला ठरलेला विषय बाजूला ठेवून मुलांच्याच ग्रुपवर आलेले फोटो घेतले. हत्तीण खरंच तीच का, फोटो कधीचा, पहिल्यांदा कुठं आला, एवढंच शोधायचं. उलट्या बाजूनं फोटो शोधायची सोय बहुतेकांना माहीत नव्हती. काही फोटो भलत्याच जुन्या बातम्यांतले निघाले, काहींत सोंडेची ठेवण बघूनच कळत होतं की यंत्रानं काढलेलं चित्र आहे.

एकानं विचारलं, भावना खरी आहे तर फोटो खोटा असला म्हणून काय बिघडलं? वर्ग दोन तट पडून भांडला. सरांनी निवाडा दिला नाही, तास संपू दिला. मला ते आवडलं.

२० ऑगस्ट

पावसामुळं हजेरी निम्मी. वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी रोपांची नोंद करताना उंचीचे गट लिहिले होते, २-५ सेंमी, ६-९ सेंमी. शीटनं त्याचं केलं २ मे आणि ६ सप्टेंबर. हशा पिकला.

त्यावर सांगितलं की हे जगभरातल्या शास्त्रज्ञांना भोवलंय. काही मानवी जनुकांची लघुनावं मार्च आणि सप्टेंबर या इंग्रजी महिन्यांसारखी दिसायची, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं नावंच बदलली. एक पोरगा म्हणाला, "एक्सेल बदलंना, मग माणसांनीच नावं बदलली?" तसंच झालं. रकाना आधी टेक्स्ट करून मग भरायचा, हे आता फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय.

११ सप्टेंबर

गणपतीनंतरचा पहिला धड आठवडा. मराठी विभागाचा शेतीतल्या शब्दांचा संग्रह. मुलांनी गावागावातून शब्द आणलेत, कागल, गारगोटी, शाहूवाडीकडचे. मोटेची एकेक दोरी, औताचा एकेक भाग. शब्दांचा खजिना आहे, पण निम्म्या फायली टायपिंगच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये करून आणलेल्या. त्या दुकानाबाहेरच्या मशीनवर उघडल्या की रोमन अक्षरांचा नुसता कचरा. कारण जुन्या फॉन्टमध्ये आत साठतो रोमन अक्षराचाच कोड, फक्त वरचं चित्र मराठी असतं. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये क ला क चाच क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो.

हे समजावून सांगण्यापेक्षा एक शब्द शोधायला लावला. सगळ्या फायलींत "मळणी" शोधा. युनिकोडच्या फायलींत सापडला, बाकीच्यांत समोर दिसत असूनही सापडेना. पुढचं बोलावं लागलं नाही. फोनवर बोलून टाईप करणाऱ्यांनी सगळ्यात आधी काम संपवलं, हेही नोंदवते. शुद्धलेखन मात्र फोनच्या मर्जीचं.

मग यादी अकारविल्हे लावली आणि विभागप्रमुखांचा पारा चढला. "मळणी" आली "मशागत"च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, आमच्या शीटनं तो ल ला चिकटून धरला, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथं बसलाय. क्ष तर त्याच्या लेखी क, हलन्त आणि ष. विभागप्रमुख म्हणाले, "मग हा कोश म्हणायचा की पत्त्यांचा डाव?" त्यांना एक आडवाट दाखवली: बाजूला आणखी एक रकाना करून त्यात क्रम लावण्यापुरती शब्दाची खूण द्यायची आणि त्यावर यादी लावायची. कटकट आहे. पण मुलांना एक गोष्ट कळली, की क्रम लावणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो आणि तो आपल्या भाषेच्या सोयीनं घेतलेला असेलच असं नाही.

जाता जाता, मोडी लिपीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे. इतिहासाच्या सरांना सांगितलं तर ते दिवसभर खूश.

२३ सप्टेंबर

कॉमर्स. ह्या दिवसाची मॅडम तीन आठवडे वाट बघत होत्या.

ऑगस्टमध्ये मुलांनी चपलेच्या दुकानाचं बिल बनवलं होतं. चप्पल लाईनला, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, जाऊन भाव विचारून आले होते. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवल्यापासून दुकानदार बोलायला उत्सुक आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, हे मुलांना तिथंच एका म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं. तेव्हाचा नियम असा की जोड हजार रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी १२ टक्के, वर गेला की १८. मुलांनी सूत्र लिहिलं आणि मार्क मिळवले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी परिषदेनं दर बदलल्याची बातमी आली. २२ तारखेपासून १२ आणि, तंबाखूसारखा माल सोडला तर, २८ टक्क्यांचे टप्पे गेले, आणि अडीच हजारापर्यंतच्या जोडाला सरसकट ५ टक्के. मॅडमनी वर्गात अवाक्षर काढलं नाही. आज सगळ्यांना जुनी शीट उघडायला लावली आणि म्हणाल्या, कालपासून दर बदललेत, बिल नीट करा.

ज्यांनी १२, १८ आणि १००० हे आकडे सूत्रातच कोंबले होते ते ओळीमागून ओळ सुधारत बसले, एखादी सुटलीच. काहींनी दर वर एका कोपऱ्यात वेगळे लिहून, डॉलरचं चिन्ह देऊन (म्हणजे सूत्र खाली ओढलं तरी तो पत्ता हलत नाही), सूत्रातून तिकडं बोट दाखवलं होतं. त्यांचं काम मिनिटात झालं. १८०० च्या जोडावरचा कर ३२४ वरून ९० वर आला. ते हात झटकून बसले.

मग मॅडमनी विचारलं, "ऑगस्टची बिलं बघा." तिथंही ९० झालेले. जे गिऱ्हाईक ३२४ भरून गेलं, त्याच्या बिलावर आता ९०. सगळ्यात हुशार शीटच सगळ्यात जास्त बिघडली होती. इचलकरंजीचा एक मुलगा, घरी कापडाचं दुकान, म्हणाला, "पप्पा दर बदलला की वहीच नवी काढतात." वही नवी काढणं हेही एक उत्तर आहेच. दुसरं उत्तर वर्गानं मिळून काढलं: दरांचा तक्ता, त्यात किमतीच्या मर्यादेशेजारी "कधीपासून" हा रकाना, आणि बिलाची तारीख बघून दर उचलणारं सूत्र. सूत्र जमायला दुसरा तास गेला, तोही पुढच्या तासाच्या सरांकडून मागून घेतलेला.

हे प्रकरण पाठ्यपुस्तकात घालायला हवं असं मी म्हणणार होते. पण पुस्तक छापून येईपर्यंत दर पुन्हा बदलतील.

१४ ऑक्टोबर

इतिहास. चॅटबॉट वापरू नका असं सांगून उपयोग नाही, वापरणारच. सरांनी उलट केलं. प्रत्येकानं चॅटबॉटला राजर्षी शाहूंच्या आरक्षणाबद्दल विचारायचं, उत्तर छापून आणायचं, आणि प्रत्येक वाक्याखाली लिहायचं: हे कुठं तपासलं, काय निघालं. मार्क उत्तराला नाहीत, तपासणीला.

एका उत्तरात आरक्षणाची घोषणा माणगाव परिषदेत झाल्याचं ठासून लिहिलं होतं. पन्नास टक्के जागांचा आदेश २६ जुलै १९०२ चा, माणगावची परिषद मार्च १९२० ची. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही शाहूंशी जोडलेल्या, मधली गाठ यंत्रानं मारलेली. भाषा इतकी गुळगुळीत की वाचताना ठेचच लागत नाही. तपासायला मुलं पहिल्यांदाच ग्रंथालयातल्या संदर्भ विभागात आली, असं ग्रंथपालांनी सांगितलं. त्यांचा सूर तक्रारीचा होता की आनंदाचा, मला ओळखता आलं नाही.

हे सगळ्यांना झेपलं नाही. काहींनी तपासणीसुद्धा दुसऱ्या चॅटबॉटकडून करून आणली. सरांनी त्याला शून्य दिलं, मी दोन द्या म्हणत होते.

२५ नोव्हेंबर

दिवाळी, परीक्षा, पेपर तपासणी, ह्यात महिना गेला. आज पाचही विषयांची बैठक.

हिशोब सरळ मांडला. भूगोल आणि कॉमर्समध्ये काम मुरलंय, कारण तिथं मार्क सरांनी आणि मॅडमनी स्वतः दिले. मराठीत अर्धंमुर्धं. वनस्पतिशास्त्रात तारखांच्या गमतीपलीकडं फार गेलो नाही, वेळच मिळाला नाही. जिथं मी पुढं होऊन बोलले तिथं मुलांनी ते "कॉम्प्युटरचं" म्हणून बाजूला ठेवलं. जिथं विषयाचे शिक्षक फळ्याशी गेले तिथं ते जर्नलात उतरलं. इंचाचं गणित मी सांगितलं असतं तर ती टीप झाली असती, सरांनी सांगितलं म्हणून ते नदीचं झालं.

वाद झाला तो फाईलच्या नावावरून. "न्यू डॉक्युमेंट", "फायनल", "फायनल खरं" असल्या नावांच्या फायली घ्यायच्या नाहीत, असं भूगोलाचं म्हणणं. मराठीवाले म्हणाले, हा जुलूम आहे. शेवटी रोल नंबर, विषय आणि तारीख एवढं नावात असावं यावर तोड निघाली.

प्राचार्यांनी विचारलं, सर्टिफिकेट कुठलं द्यायचं? कुठलंच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. कॉलेजच्या अहवालात काय लिहायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. मुलांच्या शीट आणि त्याखालच्या त्या दोन ओळी जोडू, असं सुचवलंय.

९ डिसेंबर

पुढच्या सत्राची लॅब वाटून झाली. मंगळवार भूगोल, गुरुवार कॉमर्स, शुक्रवारी दुपारी मराठी आणि इतिहास आलटून पालटून. वनस्पतिशास्त्राला शनिवार मिळालाय, त्यांची कुरबुर आहे. केमिस्ट्रीचे सर आपणहून आले. टायट्रेशनची निरीक्षणं शीटमध्ये घ्यायची आहेत, पण पाचच प्रयोगांची, आणि मी वर्गात बोलायचं नाही. मान्य.

कॉमर्सच्या मॅडमना नव्या बॅचला कोरी शीट द्यायची नाही. ऑगस्टची बिलं बिघडलेली तीच जुनी शीट द्यायची आणि काय चुकलंय ते शोधायला लावायचं. ती काढून त्यांच्या फोल्डरात ठेवली आहे. त्यातली मुलांची नावं आणि रोल नंबर तेवढे उडवायचे राहिलेत.